हलक्या वजनाचं रोइंग: मराठवाड्यातून सारखे येणारे प्रश्न

मी पैठण तालुक्यातल्या धरणग्रस्त घरातला. आजोबांचं वावर नाथसागराखाली गेलं, त्यामुळे आमच्या घरात त्या पाण्याचा विषय निघाला की नुकसानीचाच निघायचा. त्याच पाण्यावर खेळही खेळता येतो, हे मला सैन्यात भरती होऊन पुण्याला गेल्यावर कळलं. नऊ वर्षं लाइटवेट गटात वल्हवलं. आता गावाकडे पत्र्याच्या शेडमध्ये रोइंगच्या सरावाची दोन मशीन ठेवून लेकरांना शिकवतो. बीड, परभणी, जालना, हिंगोलीकडून फोन येतात, मेसेज येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

१. सर, रोइंग म्हणजे होडी वल्हवणंच ना? कयाकिंग आणि हे एकच का?

एकच नाही. रोइंगमध्ये खेळाडूची पाठ पुढच्या दिशेला असते. वल्हं होडीच्या बाहेर काढलेल्या धातूच्या हाताला अडकवलेलं असतं, बसायची पाटी रुळावर मागेपुढे सरकते आणि पाय होडीत पक्क्या बसवलेल्या बुटांत असतात. त्यामुळे खरी ताकद पायांची लागते. हात शेवटी येतात. कयाकिंगमध्ये तोंड पुढे असतं आणि वल्हं मोकळं हातात असतं. दोन्ही खेळांच्या संघटना वेगळ्या, चाचण्याही वेगळ्या. चाचणीचं पत्रक आलं की खेळाचं नाव नीट वाचा. चुकीच्या चाचणीला दोनशे किलोमीटर जाऊन परत आलेले बाप-लेक मी पाहिले आहेत.

शर्यत २००० मीटरची. एकट्याच्या होडीला सिंगल स्कल म्हणतात. ती साधारण आठ मीटर लांब असते आणि नियमाप्रमाणे तिचं वजन किमान १४ किलो लागतं, म्हणजे पाण्याने भरलेल्या हंड्याएवढं. आपल्याकडच्या मच्छीमारांच्या चप्पूत उभं राहून जाळं टाकता येतं. या होडीत नुसतं बसायला शिकण्यात आठवडा जातो.

२. लाइटवेट म्हणजे नेमकं किती वजन?

पुरुषांत एका खेळाडूचं वजन जास्तीत जास्त ७२.५ किलो, आणि जोडी किंवा चौकडी असेल तर सगळ्यांची सरासरी ७० किलोच्या आत. महिलांत एकीचं ५९ आणि सरासरी ५७. सिंगलला सरासरीचा प्रश्न येत नाही. डबलमध्ये, म्हणजे दोघांच्या होडीत, एकजण ७२.५ भरला तर दुसऱ्याला ६७.५ च्या वर जाता येत नाही. कोणी किती उतरायचं, यावरून जोड्यांमध्ये भांडणं होतात आणि ती खरी असतात.

जागतिक स्पर्धेत पुरुषांचा हा गट १९७४ पासून आहे, महिलांचा १९८५ पासून. उंच-धिप्पाड लोकांच्या खेळात सडपातळ बांध्याच्या माणसालाही जागा मिळावी, एवढाच त्यामागचा हेतू. मराठवाड्यातल्या बऱ्याच पोरांचा बांधा याच गटात बसतो, म्हणून एवढे फोन येतात.

३. वजन कधी मोजतात? आदल्या दिवशी का?

नाही. ही गोष्ट कुस्तीवाल्यांनी आधी डोक्यातून काढावी. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्या दिवसाच्या पहिल्या शर्यतीच्या आधी दोन तास ते एक तास, एवढ्याच वेळात वजन होतं. रोइंगचा ड्रेस अंगावर, बूट काढून. आणि ज्या दिवशी शर्यत त्या प्रत्येक दिवशी. आदल्या रात्री पाणी तोडून उतरवलेलं वजन एका तासात भरून निघत नाही, आणि तीन दिवसांच्या स्पर्धेत हा खेळ तीनदा करता येत नाही. त्याचं काय होतं ते प्रश्न १० मध्ये.

४. लाइटवेट ऑलिंपिकमधून काढलं म्हणतात. मग आता हे करून काय उपयोग?

काढलं, हे खरं आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा गट आला. सुरुवातीला पुरुषांची डबल आणि चौकडी, महिलांची डबल अशा तीन शर्यती होत्या. रिओनंतर चौकडी गेली, आणि पॅरिस २०२४ ला दोन्ही डबल शेवटच्या झाल्या. वजनगट कुस्ती, बॉक्सिंगसारख्या लढतीच्या खेळांत आणि वेटलिफ्टिंगमध्येच असावेत, अशी ऑलिंपिक समितीची भूमिका आहे. लॉस एंजेलिस २०२८ ला लाइटवेटच्या जागी समुद्रकिनाऱ्यावरची शर्यत येते आहे (प्रश्न १८).

मला याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. भारताचा या खेळातला ऑलिंपिक प्रवास बऱ्याच अंशी याच गटातून झाला. बीजिंगला देवेंदर कुमार खंडवाल आणि मनजीत सिंग, लंडनला संदीप कुमार आणि मनजीत सिंग लाइटवेट डबलमध्येच उतरले होते. टोकियोला अर्जुन लाल जाट आणि अरविंद सिंग ११ वे आले. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याच जोडीने रौप्य घेतलं. दुष्यंत चौहानने २०१४ आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत लाइटवेट सिंगलमध्ये ब्राँझ आणलं.

तरी नव्या पोरांना मी सांगतो: लाइटवेट हा स्पर्धेचा एक गट आहे, तुमची जात नाही. त्यासाठी दोन आकडे बघा. लाइटवेट डबलचा जागतिक उच्चांक आयर्लंडच्या फिंटन मॅकार्थी आणि पॉल ओ'डोनोव्हन यांनी टोकियोत केला, ६ मिनिटं ५.३३ सेकंद. खुल्या गटाच्या, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या डबलमध्ये क्रोएशियाच्या सिंकोविच बंधूंनी २०१४ ला ५ मिनिटं ५९.७२ सेकंद लावले. २००० मीटरमध्ये फरक सहा सेकंदांहूनही कमी, आणि माणसामागे वजनाचा फरक मात्र मोठा. जड माणूस ताकद जास्त लावतो, पण त्याची होडीही पाण्यात खोल बसते आणि पाण्याचा अडथळा वाढतो. म्हणून ७२ किलोचं चांगलं इंजिन, म्हणजे चांगल्या दमाचा माणूस, खुल्या गटात अगदीच मागे पडत नाही.

ज्याला फक्त ऑलिंपिकसाठी लाइटवेट करायचं होतं, त्याच्यासाठी तो दरवाजा बंद झाला. ज्याला रोइंग करायचं आहे, त्याने मोठं इंजिन बांधायच्या मागे लागावं.

५. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी आणलं. इथे रोइंग कुठे करणार?

हा प्रश्न बरेचजण टोमणा मारायला विचारतात. पण उत्तर खरंच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुष्काळी भाग आणि मोठे जलाशय, दोन्ही आपल्याकडे आहेत. पैठणचा नाथसागर, माजलगाव, पूर्णेवरचं येलदरी आणि सिद्धेश्वर, धनेगावचं मांजरा, नांदेडला विष्णुपुरी. शर्यतीला दोन किलोमीटर सरळ आणि शांत पाणी लागतं. नाथसागर पन्नास किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे लांबी भरपूर. अडचणी वेगळ्याच आहेत.

पहिली वाऱ्याची. उघडा, पसरट जलाशय असल्याने सकाळी नऊनंतर वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि सिंगल स्कल त्यात टिकत नाही. पहाटे साडेपाच ते आठ एवढीच वेळ तुमची. दुसरी पातळीची. दिवाळीला जिथे होडी टाकली, ती जागा मे महिन्यात अर्धा किलोमीटर चिखलाच्या पलीकडे असते. तिसरी आमच्या घराशी जोडलेली आहे: पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं वरच्या वितभर पाण्यात येतात. होडीच्या तळाला मागे एक छोटा पंख असतो. तो अशा खोडाला लागून तुटला की होडी सरळ जात नाही. माझा एकदा जिथे तुटला, तिथे आमच्या जुन्या गावची वेस होती असं चुलत्यांनी नंतर सांगितलं.

चौथी परवानगीची. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उथळ काठाला असतात. वनविभाग आणि जलसंपदा, दोन्हींची लेखी परवानगी नसताना तिथे सराव सुरू करू नका. धरणाच्या भिंतीजवळ आणि दरवाजांजवळ तर परवानगी असली तरी जायचं नाही. विष्णुपुरीचं गोदावरीचं पात्र वळणं सोडली तर सरावाला फार चांगलं आहे, असं माझं मत. तिथे वारा नाथसागरापेक्षा कमी लागतो. पण बंधाऱ्याचे दरवाजे कधी उघडणार, याची माहिती घेतल्याशिवाय तिथेही उतरायचं नाही.

खरं सांगायचं तर आज मराठवाड्यात राहून पूर्ण खेळाडू घडत नाही. इथे पाया घालायचा (मशीन, धावणं, पाय) आणि पाण्यावरचं शिक्षण पुण्याला घ्यायचं. पाया पक्का असलेलं पोर पाण्यावर तीन महिन्यांत उभं राहतं.

६. मला पोहता येत नाही. चालेल का?

नाही. आधी विहिरीत शिका, मग या. कपडे घालून १०० मीटर पोहता आलं आणि पाण्यात दहा मिनिटं तरंगता आलं तरच मी होडीत बसवतो. सिंगल उलटतेच. उलटली तर होडी सोडायची नाही, ती तरंगते. तिला धरून राहायचं.

७. मुलगा १३ वर्षांचा, वजन ५२ किलो. आत्तापासून लाइटवेटची तयारी करून घ्यावी का?

वजन या विषयावर त्याच्यासमोर एक शब्दही काढू नका, ही माझी हात जोडून विनंती. वाढीच्या वयात वजन रोखलं की उंची, हाडं, सगळ्याला मार बसतो. जागतिक ज्युनियर स्पर्धेत लाइटवेट गटच नाही. ज्युनियर म्हणजे ज्या वर्षी १८ पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. तोपर्यंत त्याला पोटभर भाकरी, दूध, शेंगदाणे खाऊ द्या, पोहू द्या, कबड्डी-खोखो खेळू द्या. तो विसाव्या वर्षी ७१ वर थांबेल की ८५ ला जाईल, हे आज कोणी सांगू शकत नाही. ८५ ला गेला तर उलट चांगलंच.

८. उंची ५ फूट ६ इंच आहे. जमेल का?

लाइटवेटमध्येही वरच्या पातळीवरचे पुरुष बहुतेक १८० सेंटिमीटरच्या आसपास असतात. उंची आणि हाताची लांबी असली की वल्हं पाण्यात लांब फिरतं. १६८ सेंटिमीटरचा माणूस राज्य, विद्यापीठ पातळीवर चांगला वल्हवू शकतो. त्यापुढे प्रत्येक वल्ह्याला तो थोडं थोडं देत राहतो, हे त्याला आधीच सांगावं.

पण आठ जणांच्या होडीत सुकाणूला एक माणूस लागतो, कॉक्स. त्याचं किमान वजन ५५ किलो; कमी भरलं तर पिशवीत वजन भरून ते पुरं करतात. पुरुषांच्या होडीत मुलगी कॉक्स चालते, आणि उलटही. बुटका, खणखणीत आवाजाचा, डोकं थंड असलेला पोरगा असेल तर कॉक्सचा विचार गांभीर्याने करा. आपल्याकडे हे काम कमी दर्जाचं समजतात, ते चूक आहे. शर्यत कॉक्सच्या डोक्यावर जिंकली जाते.

९. मशीनवर किती टायमिंग पाहिजे?

मशीन म्हणजे एर्गोमीटर. खेळाडू एर्गच म्हणतात. निवडीला त्यावर २००० मीटर घेतात. माझ्या अनुभवावरून सांगतो, हे नियम नव्हेत. लाइटवेट मुलगा ७ मिनिटांच्या आत आला तर शिकवण्यासारखा आहे. ६:३० म्हणजे राष्ट्रीय पातळीवर लोक नाव विचारतात. ६:१५ च्या खाली आंतरराष्ट्रीय दर्जाची चर्चा सुरू होते. मुलींमध्ये साधारण ८ मिनिटं, ७:३५ आणि ७:१०, असं समजा.

७ मिनिटं म्हणजे दर ५०० मीटरला १:४५. ६:३० म्हणजे १:३७.५. पडद्यावर तोच आकडा बघायचा. बाजूचा दांडा १० वर ठेवू नका. जिममधली पोरं मर्दुमकी म्हणून ठेवतात आणि कंबर धरून घरी जातात. पडद्यावर 'ड्रॅग फॅक्टर' दिसतो, तो लाइटवेटला ११० ते १३० पुरे.

आणि सरावाचा बहुतेक भाग हळू असतो. बोलता येईल इतक्या वेगाने तासभर. शर्यतीची बरीचशी ताकद श्वासातून येते, आणि ती हळू, लांब कामानेच वाढते. पोरांना हे पटायला एक वर्ष जातं.

१०. स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे, वजन ७६ आहे. कसं उतरवू?

उतरवू नका. खुल्या गटात खेळा किंवा ही स्पर्धा सोडा.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि मी सगळ्यात जास्त चिडतो तोही यावरच. मे महिन्यात, ४२ अंशांत, अंगात रेनकोट घालून धावणारी पोरं मी पाहिली आहेत. १९९७ साली अमेरिकेत साधारण महिनाभरात कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच घाम काढून वजन उतरवताना मेले. ती तरणी, धडधाकट पोरं होती. शरीरातलं पाणी गेलं की रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, उष्णता बाहेर टाकता येत नाही. आपल्या हवेत तर याला वेळच लागत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. एका राष्ट्रीय स्पर्धेआधी मी आजारी होतो, वजन वाढलं होतं. दोन दिवसांत तीन किलो उतरवले, कोणालाच सांगितलं नाही. काट्यावर पास झालो. पहिले हजार मीटर आम्ही दुसरे होतो. पंधराशेला माझे पाय गेले. दुखून नव्हे, हलेचनात. मागे बसलेला जोडीदार वर्षभर फक्त या शर्यतीसाठी झिजला होता. किनाऱ्याला लागल्यावर तो एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

पाय का गेले, तर ताकदीसाठी स्नायूंत साठवलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपाशी राहून आणि पाणी तोडून मी चरबी उतरवलीच नव्हती, शर्यतीचं इंधन ओतून दिलं होतं.

वजन उतरवायचंच असेल तर हंगामाच्या आधी, आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने. ७६ चे ७२ व्हायला दोन महिने धरा. त्या काळात मशीनचं टायमिंग बिघडू लागलं, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर थांबा. हिवाळ्यात स्पर्धेच्या वजनापेक्षा तीन किलोहून वर राहायची वेळ येत असेल, तर हा तुमचा गट नाही (प्रश्न १७).

११. खायचं काय? डाएट चार्ट द्या.

चार्ट देत नाही, कारण घरातलं अन्नच पुरतं. शरीराच्या दर किलोला दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ७० किलोला १०५ ते १४०. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५, शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२, एका अंड्यात ६. दूध, दही, मटकी, हरभरा. डब्यातली महाग पावडर घ्यायच्या आधी घरातलं वरण घट्ट करा, ही माझी मायबापांना सूचना. आपल्याकडे वरण ताटात पाण्यासारखं पळतं.

ज्वारीची भाकरी सोडू नका. भाकरी सोडून नुसती काकडी खाणारा दुपारच्या सरावाला येत नाही. तेल, वडापाव, थंड पेय सोडा. येसरची आमटी, पिठलं, ठेचा चालेल, ठेचा बेताने. वजन झाल्यावर शर्यतीपर्यंतच्या त्या एका तासात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळं, थोडा मऊ भात. ताक त्या वेळी नको, पोटात डचमळतं. सरावानंतर मात्र मीठ घातलेल्या ताकासारखं काही नाही.

१२. मुलगी ६१ किलोची आहे, सर म्हणतात ५७ वर आण. तिची पाळी तीन महिने आली नाही. हे खेळात चालतं म्हणतात, खरं का?

चालत नाही. लगेच डॉक्टरकडे न्या, सराव कमी करा आणि वजनाचा विषय बंद करा.

खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर एकेक काम बंद करत जातं. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत. ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला 'रेड-एस' असं नाव दिलं आहे. मुलांनाही होतं, फक्त त्यांच्यात पाळीसारखी उघड खूण नसते. रोइंगमध्ये त्यातून बरगडीला बारीक तडा जातो आणि सहा-आठ आठवडे होडी बंद. हिमोग्लोबिनही तपासा, ते कमी असेल तर कितीही सराव केला तरी श्वास पुरत नाही.

६१ ची मुलगी खुल्या गटात वल्हवू शकते. मुलीच्या माय याबद्दल मला विचारायला लाजतात आणि मुली तर कोणालाच सांगत नाहीत. म्हणून आमच्या शेडमध्ये मी एक ताई ठेवली आहे, मुलींच्या नोंदींची वही तिच्याकडे असते. शिकवणारा पुरुष असेल तर एवढी सोय त्याने करावीच.

१३. सैन्यात न जाता होईल का? नोकरीचं काय?

सैन्य हा सगळ्यात मोठा रस्ता, यात शंका नाही. पुण्यात सीएमईला (सैन्याच्या अभियांत्रिकी कॉलेजात) आर्मी रोइंग नोड, म्हणजे सैन्याचं रोइंग केंद्र आहे आणि देशाचे बरेच मोठे रोइंगपटू तिथूनच आले. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे. आपल्यासारखाच कोरडा भाग, वडिलांबरोबर विहिरी खोदायला जायचे. वल्हं पहिल्यांदा हातात घेतलं ते सैन्यात. २०१६ ला रिओमध्ये सिंगल स्कलला १३ वे आले. ते लाइटवेट नव्हते, खुल्या गटात खेळायचे, हेही लक्षात ठेवा. लहान मुलांसाठी सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. ८ ते १४ वयात घेतात, शाळा आणि खेळ दोन्ही तिथेच.

सैन्याशिवायचा रस्ता कॉलेजचा. पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचा, मुळा नदीवर जुना बोट क्लब आहे. बारावीला अभ्यास चांगला असेल तर पोरांनी ते डोळ्यासमोर ठेवावं.

नोकरीत राज्य शासनाचं खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. पण प्रत्येक प्रमाणपत्र चालतंच असं नाही. खेळ, स्पर्धेचा स्तर, क्रमांक, सगळं शासन निर्णयात बसावं लागतं. स्पर्धेला पैसे भरायच्या आधी छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या क्रीडा उपसंचालक कार्यालयात जाऊन विचारा. प्रमाणपत्र हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

१४. आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर मार्चपर्यंत गाव नाही, मशीन नाही. लेकराचं कसं होईल?

हा मेसेज बीड जिल्ह्यातून दरवर्षी येतो आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जे जमलं ते सांगतो. शक्य असेल तर लेकराला हंगामी वसतिगृहात ठेवा, शाळा तुटू देऊ नका. शाळा तुटली की प्रश्न १३ मधले सगळे रस्ते बंद होतात.

सोबत न्यावंच लागलं तर आठवड्यात तीन दिवस पाऊण तास हळू धावणं आणि दोन दिवस बैठका. मशीन लागत नाही. आणि त्याच्याकडून मोळ्या वाहून घेऊ नका. सोळा-सतरा वर्षांची पोरं डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. पाय दगडासारखे होतात, पण मानेचे आणि कमरेचे मणके जातात. माझ्याकडे आलेल्या अशा दोघांचं इंजिन मी शिकवलेल्या सगळ्यांत मोठं होतं. दोघांचीही कंबर आधीच गेलेली होती.

१५. खर्च किती येतो?

स्वतःची होडी घ्यायच्या फंदात पडू नका. ती काही लाखांत जाते. चांगलं मशीनही लाखाच्या पुढे. म्हणून क्लब, सैन्य किंवा कॉलेजची होडी वापरायची. तुमच्या खिशातून जातं ते प्रवास, खाणं, दोन ड्रेस आणि हाताच्या फोडांना लावायची पट्टी. हातमोजे घेऊ नका. त्याने वल्ह्याचा अंदाज जातो. फोड महिन्याभरात घट्टे होतात.

१६. किती वर्षं खेळता येतं?

विशीच्या सुरुवातीपासून तिशीच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत. लाइटवेटची कारकीर्द बहुतेकदा ताकद संपल्याने संपत नाही, वजन उतरवायचा कंटाळा येऊन संपते. तिसाव्या वर्षी शरीर सहज ७५ ला स्थिरावतं. सोबत शिक्षण चालू ठेवलेला माणूस नंतर गोंधळत नाही. प्रश्न ४ मधले पॉल ओ'डोनोव्हन खेळता खेळता डॉक्टर झाले.

खेळ सोडल्यावर मला दोन वर्षं जेवताना अपराधी वाटायचं. लग्नाच्या पंगतीत जिलेबीचा तुकडा ताटात घेऊन बसायचो. हे बऱ्याच जणांना होतं. त्यावर बोला, घरी बोला, जमलं तर डॉक्टरशी.

१७. माझं नैसर्गिक वजन ७४-७५. लाइटवेट की खुला?

उंची १८५ च्या पुढे असेल तर खुला, विचारच नको, अजून भराल. १७८ च्या खाली, अंगावर खरंच चरबी असेल आणि ७१-७२ वर मशीनचं टायमिंग तेच राहत असेल, तर एक हंगाम लाइटवेट करून बघा. मधले जे असतात त्यांनी दोन्ही वजनांवर २००० मीटर काढावं. वजन तीन किलोने उतरलं आणि टायमिंग पाच-सहा सेकंदांनी बिघडलं, तर त्यात काही कमावलेलं नाही.

७२.५ च्या आत असलेल्याने खुल्या गटात खेळायला कसलीच आडकाठी नाही.

१८. बीच स्प्रिंट काय आहे?

वाळूवरून धावत जायचं, लाटांत उभ्या असलेल्या रुंद होडीत चढायचं, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना (बोया) वळसा घालून परत यायचं आणि पुन्हा धावायचं. २०२८ ला पुरुष सिंगल, महिला सिंगल आणि मिश्र डबल अशा तीन शर्यती आहेत. वजनगट नाही. चपळ, धावायची सवय असलेल्या पोरांना यात संधी आहे असं मला वाटतं. पण लाटा नाथसागरावर शिकता येत नाहीत, त्यासाठी कोकणात जावं लागेल.

१९. डबलमध्ये माझं वजन बसलं, जोडीदाराचं १०० ग्रॅम जास्त निघालं. मी एकटा उतरू शकतो का?

नाही. एकाचं जास्त निघालं किंवा सरासरी ओलांडली की पूर्ण जोडी बाद. वजनाची वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर उभं राहता येतं, म्हणून वेळ सुरू होताच पहिल्यांदा जा, शेवटच्या पाच मिनिटांत नको. त्याआधी अधिकृत काट्यावर तपासून घ्या. घरचा आणि तिथला काटा जुळतीलच असं नाही. सरासरीत जागा असेल तर दोघांनी आठवडाभर आधीच ठरवा, कोण किती भरणार. तुम्ही ६८ भरत असाल तर जोडीदाराला ७२ पर्यंत मोकळीक आहे, आणि ती त्याला आधी माहीत असली तर तो आदल्या रात्री नीट जेवून झोपतो.